सोळा आकड्यांची गाडी

माझ्या वडिलांना गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. तरी त्यांनी गाडी घ्यायची ठरवली, आणि तीही राहायला. हे ऐकून घाटकोपरच्या आमच्या चाळीतली माणसं आधी हसली, मग मला बाजूला घेऊन विचारू लागली, की बाबांची तब्येत बरी आहे ना? तब्येत बरी नव्हतीच. तीस वर्षं गिरणीतला कापूस श्वासातून आत गेला होता. संपानंतर गिरणी बंद पडली, पण खोकला बंद पडला नाही. चाळीचा जिना चढताना ते तीनदा थांबायचे आणि दर वेळी कठड्याला धरून उगाच खाली बघायचे, काहीतरी बघण्यासाठीच थांबल्यासारखे. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं होतं, की आता हे सुधारायचं नाही. पण डोकं त्यांचं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. बेअक्कलपणा कोणी केला असेल तर तो मी केला.

गाडीचं खूळ आलं ते गणपतीवरून. तळकोकणात आमचं मूळ घर आहे. तिथे दरवर्षी एकच गणपती बसायचा, सगळ्या भावांचा मिळून. एका वर्षी फणसाचं झाड तोडण्यावरून बाबांचं आणि थोरल्या काकांचं वाजलं. फणस दोघांच्या हद्दीवर होता. बोलता बोलता काका भर अंगणात म्हणाले, “ह्या घरात तुझा काय नाय. तुझो गणपती तू तुझ्या घरात आण.”

बाबांचं घर कुठे होतं? चाळीतली दहा बाय बाराची खोली, तीही भाड्याची. गावात घर बांधायचं तर जमीन सामाईक, सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातले तिघे मेलेले, दोघे कुठे आहेत ते कोणालाच ठाऊक नाही, आणि उरलेले काकांच्या मुठीत. सगळ्यांची संमती मिळाल्याशिवाय एक चिरा रचता येत नव्हता. बाबांनी सहा वर्षं सह्यांसाठी खेटे घातले. मग हात टेकले. त्यानंतर ते गावी गेले नाहीत. गणपतीच्या दिवसांत चाळ अर्धी रिकामी व्हायची आणि बाबा गॅलरीत खुर्ची टाकून, सामान घेऊन निघालेल्या लोकांना “नीट जा” म्हणायचे. मला तो प्रकार बघवायचा नाही. मी मुद्दाम आत भांडी आपटत बसायचे.

एका रविवारी आम्ही जुहूला गेलो होतो. तिथे वाळूच्या कडेला एका गोऱ्या जोडप्याची व्हॅन उभी होती. मागचं दार उघडं. आत बाई स्टोव्हवर काहीतरी ढवळत होती, खिडकीला फुलाफुलांचा पडदा, आणि पुरुष गादीवर पाय पसरून चक्क वाचत पडलेला. बाबा तिथून हलायलाच तयार होईनात. आई लाजून पुढे निघून गेली. मी त्यांना ओढत होते, आणि ते खोकल्याच्या मधे मधे म्हणत होते, “बघ गं, घर आहे ते. घर बांधायला सतरा सह्या लागतात. गाडी उभी करायला कोणाची सही लागते?”

मी हसले. पण घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की ते अजिबात गमतीने बोलत नव्हते.

आईला त्यांनी रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितलं. आपल्या वाटणीच्या आंब्याखाली गाडी नेऊन उभी करायची, त्यात राहायचं, त्यात गणपती आणायचा. आई म्हणाली, “गाडयेत खय गणपती बसता? उंबरो खय तिका?” बाबा म्हणाले, “उंबरा मी लावतो.” हा एवढाच काय तो विचारविनिमय.

मग सुरू झाले आमचे रविवार. मी तेव्हा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आठवडाभर बिलं आणि पत्रं बडवायची आणि रविवारी बाबांना घेऊन जुन्या गाड्या बघत फिरायचं. गिरणीकडून जे हाती आलं होतं त्यात नवी गाडी स्वप्नातही बसत नव्हती. बरोबर आईचा भाऊ असायचा, माझा मामा. तो मुलुंडला टेम्पो चालवायचा. आमच्यात कामं वाटलेली होती. मामाने इंजिन बघायचं. मी इंग्रजी कागद बघायचे. आणि बाबा छत बघायचे.

छत कशासाठी, ते सांगायला हवं. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी टांगतात. लाकडी पट्ट्यांची चौकट असते, तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीच्या घोसाचं शिपटं, रानातली कवंडाळाची फळं असं सगळं बांधायचं आणि ती छताला चार कोपऱ्यांत अडकवायची. मूळ घरात गणपतीच्या जागेवर वाशांना चार लोखंडी आकडे कायमचे ठोकलेले आहेत. वर्षभर ते रिकामे असतात. लहानपणी बाबांना त्या आकड्यांना हात लावायला मिळायचा नाही, आणि हात पुरायला लागला त्या वर्षापासून माटवी टांगायचं काम त्यांचं झालं. काकांशी भांडण होईपर्यंत ते त्यांचंच होतं. म्हणून त्यांनी एक काठी तासून घेतली होती. तिच्यावर चाकूने खुणा केलेल्या. इथवर चौरंग, इथवर गणपती, मधे एक वीत मोकळी, वर माटवी. कुठलीही गाडी दाखवली की बाबा आधी आत चढून काठी उभी करायचे. दलाल चक्रावून जायचे. एकाने मला हळूच विचारलं, “अंकल को ऊँट रखने का है क्या?”

मरोळला एका कंपनीची कामगार नेणारी जुनी मिनीबस मिळत होती. काठी बसली, पण बाबांचा पाय जमिनीच्या गंजक्या पत्र्यातून आरपार गेला. नडगी सोलवटली. मामा म्हणाला, “वाट लागलेली आहे भावोजी हिची, चला.” दुसऱ्या एका गाडीत काठी तिरकी करावी लागली, तेव्हा बाबांनी ती लगेच नाकारली. देव वाकवून बसवायचा नसतो म्हणाले.

वाकोल्याला मात्र एक गाडी अशी होती, की ती मी अजून विसरलेली नाही. कुठल्याशा ट्रस्टचा फिरता दवाखाना होता तो. आत एक बाकडं, त्यावर माणूस झोपेल एवढं रेक्झिन, हात धुवायचं छोटं बेसिन, औषधांचं कपाट, दोन जाळीच्या खिडक्या. काठी उभी राहिली आणि वर चार बोटं उरली. आईसुद्धा त्या दिवशी आली होती. तिने बेसिनचा नळ सोडून पाहिला. पाणी नव्हतं, पण नळ फिरला एवढ्यानेच तिचा चेहरा बदलला. कपाट उघडून ती म्हणाली, “हय डबे रवतले.” बाबा बाकड्यावर बसले आणि किती तरी वेळ खोकलेच नाहीत. मला वाटलं, झालं. मग ट्रस्टच्या माणसाने आकडा सांगितला. बाबांनी एकदाही घासाघीस केली नाही, इतका तो लांबचा होता. आईने कपाटाचं दार लावलं. परतताना बसमध्ये आम्ही चौघे चार वेगवेगळ्या सीटवर बसलो. जागा होती, तरी.

त्यानंतर बाबा झपाट्याने उतरले. रविवार मात्र चुकवत नसत. मला त्या रविवारांचा वीट आला होता, हे लिहायला आता लाज वाटते. पण आला होता. माझ्या वयाच्या मुली साड्या बघत फिरत होत्या आणि मी ग्रीसमध्ये माखलेल्या गॅरेजांत एका काठीमागे उभी असायचे. त्यांचा धापा टाकत चढणारा देह बघितला की दया यायची, आणि दयेच्या मागोमाग राग.

साकीनाक्याच्या पुढे एका गॅरेजमध्ये ती गाडी होती. बंद डब्याची, पांढरी. मामाने बॉनेट उघडलं आणि तिथूनच ओरडला, “इंजिन झकास आहे हां भावोजी!” बाबा मागून आत चढले. मी दारातच उभी होते. डब्याला खिडकी नव्हती. भिंतींना आतून पत्रा, त्या पत्र्यामागे थर्माकोलसारखं काहीतरी भरलेलं, त्यामुळे बाहेर ऊन रणरणत असून आत गार लागत होतं. काठी उभी राहिली. आणि मग बाबांनी मान वर केली.

छताला आकडे होते. दोन रांगा, एकेका रांगेत आठ. चांगले जाडजूड लोखंडी, टोकाला वर वळलेले.

बाबांनी एका आकड्याला हात लावला. “सोळा आहेत गं,” ते म्हणाले. “मूळ घरात चारच.” त्यांचा आवाज मी तसा पुन्हा कधी ऐकला नाही. वाकोल्याच्या गाडीत सगळं होतं, पण आकडे नव्हते. इथे काहीच नव्हतं, पण ज्याने ही गाडी बनवली त्याला जणू माटवी ठाऊक होती.

त्यांनी गॅरेजवाल्याला विचारलं, “पहले इसमें क्या जाता था?”

“ठंडा माल,” तो म्हणाला, आणि हातातलं गाडीचं रजिस्ट्रेशन बुक माझ्याकडे दिलं. “कागज में सब लिखा है. पढ़ लो मॅडम.”

पढ़ लो म्हणाला. त्याने फसवलं असं मी कधीच म्हणू शकले नाही, ते या दोन शब्दांमुळे. त्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर माझं मॅटिनीचं ठरलं होतं. तिकिटं काढलेली होती आणि त्या अंधेरीला माझी वाट बघत होत्या. मी घड्याळाकडे बघत पानं उलटली. इंजिनचा नंबर, मालकाचं नाव, टॅक्स भरल्याचे शिक्के. मग पुस्तक मिटलं.

“ठीक आहे ना सगळं?” बाबांनी विचारलं.

“ठीक आहे. घ्या.”

मामाने पुढे बसून गाडी घाटकोपरला आणली. मी मॅटिनीला गेले. सिनेमा कुठला होता, ते मला आठवत नाही.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात सण होता. गाडी चाळीच्या आवारात नळाच्या पलीकडे उभी राहिली. आईने सोड्याने दोनदा आणि साबणाने दोनदा आतून धुतली. कोपऱ्यात पाणी जायला भोक होतं, त्याचं तिला फार कौतुक. बाबांनी वेल्डर आणून दोन खिडक्या कापून घेतल्या. मागच्या दाराला सागाची फळी ठोकून उंबरा केला, आणि आईने त्याला हळदकुंकू लावलं. स्टोव्हची जागा ठरली, पाण्याच्या पिंपाची ठरली. मुख्य म्हणजे चाळीतली कुत्री येऊन गाडीखाली बसायला लागली. दोन होती, मग पाच झाली. हाकलली तरी पुन्हा यायची, खालून वर हुंगायची. बाबा म्हणायचे, “राखण करतात.” येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवायचे.

याच सुमाराला अंधेरीच्या आरटीओत गाडी बाबांच्या नावावर करायचा अर्ज मी ऑफिसात टाइप करायला घेतला. आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. चांगला टायपिस्ट मजकूर वाचत नाही. डोळे अक्षरं घेतात आणि बोटांना देतात, मधे कोणी नसतं. वाचायला लागलात तर हात मंदावतो. मी समोर पुस्तक ठेवून रकान्यामागून रकाना उतरवत गेले. बॉडीचा प्रकार या रकान्यापाशी माझ्या बोटांनी सात अक्षरं मारली, पुढच्या ओळीवर गेली, आणि मग माझे डोळे मागे आले.

मीट व्हॅन.

मी कागद मशीनमधून ओढून काढला. का, ते माहीत नाही. नवा कागद घालून तेच पुन्हा टाइप केलं, कारण दुसरं काही लिहिता येणार नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, “काय गं, बरं नाही का?” मी म्हटलं, डोकं दुखतंय. संध्याकाळी घरी आले तर बाबा गाडीत स्टुलावर चढून माटवीची चौकट कुठल्या चार आकड्यांना लावायची ते ठरवत होते, आणि आई खालून स्टूल धरून “पडशात हां” म्हणत होती. ते मला म्हणाले, “बारा उरतात. बाराचं काय करायचं?” मी म्हटलं, “कंदील लावा.” त्यांना ती कल्पना फार आवडली.

मी सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी घाबरायचे. मनात हिशेब मांडायचे, की कोणाला कळणार आहे? गाडी धुतलेली आहे, रंग दिला आहे. गावात गेल्यावर कोण पुस्तक उघडून बघतोय. एकदाच, एकच वर्ष गणपती बसू दे त्यांचा, मग पुढचं पुढे. देवाची मला भीती नव्हती. भीती बाबांच्या तोंडाची होती.

गणपतीला बारा दिवस राहिले असताना मामा सामान कसं लावायचं ते बघायला मुलुंडहून आला. दुपारची वेळ. गाडी आणल्यापासून तो पहिल्यांदाच मागच्या डब्यात चढला. आई आणि मी उंबऱ्यापाशी उभ्या होतो. मामाने वर बघितलं. एक आकडा पकडून त्यावर भार दिला. मग कोपऱ्यातल्या भोकाकडे बघितलं, आणि मग गाडीखालून डोकं काढलेल्या कुत्र्याकडे.

“भावोजी,” तो हळूच म्हणाला, “हे हूक कसले, माहीत आहे काय तुमका?”

“माटवीचे,” बाबा हसत म्हणाले.

“मटणाचे,” मामा म्हणाला. “देवनारच्या कत्तलखान्यातून अशा गाड्या येतत. बकरे टांगून.”

बाबांना आधी वाटलं, तो गंमत करतोय. माटवी, मटण. ते हसलेसुद्धा. मग त्यांनी स्वतःच वर बघितलं, आणि मग भोकाकडे, अगदी मामाने बघितलं होतं त्याच क्रमाने. कुत्र्यांकडे बघायला ते थांबले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“कागद तू वाचले होतेस ना गं?”

नाही म्हटलं असतं तर खरं बोलल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, “वाचले होते. असं काही नव्हतं त्यात.”

“नव्हतं ना?”

“नव्हतं.”

ते स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांना दम लागला होता. मग म्हणाले, “मग आपला काय दोष?”

आईने पुष्कळ समजावलं. गोमूत्र शिंपडू, भटजींना विचारू, शुद्धी करू. आणि आपणसुद्धा खातोच की मटण, आपल्याला कुठे विटाळ होतो. बाबा म्हणाले, “मी खातो. तो नाही खात.” आणि थोड्या वेळाने, “भाऊ हसेल गं. सगळा गाव हसेल.” माटवीची चौकट त्यांनी स्वतः उतरवली. मामा मदतीला पुढे झाला तर त्याला हात लावू दिला नाही. त्या वर्षी गणपतीत चाळ रिकामी झाली तेव्हा ते गॅलरीत बसले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाहेरून कोणी “येतो हो” म्हणालं तर आई उत्तर द्यायची.

तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. पण तोवर माझं खोटं बाबांनी उचललं होतं. चाळीतले लोक येऊन चुकचुकायचे, “बघून नाही का घ्यायची? मुलगी तर एवढी शिकलेली.” बाबा उशीवरून उठून बसायचे. त्यांना आता एका श्वासात चार शब्दही बोलता येत नव्हते. तरी ते सगळं वाक्य पुरं करायचे, मधे थांबत, हाताने लोकांना थांबवून धरत. “कागदात नव्हतं. माझी मुलगी इंग्रजी टाइप करते. तिने वाचले कागद. कागदातच नसेल तर ती काय करणार?” दिवसाला एकदा तरी. पाणी मागायला ते खूण करायचे, औषध मागायला खूण करायचे. माझ्यासाठी मात्र बोलायचे. मी आतल्या मोरीत उभी राहून ऐकायचे आणि नळ सोडायचे.

थंडीत ते गेले. गाडी आवारात तशीच होती. उंबऱ्याच्या फळीवर हळद होती, कुत्री सोडून गेली होती. आईने गाडीकडे बघायचं टाकलं होतं. शेवटी मामानेच गिऱ्हाईक आणलं. देवनारच्या बाजूचा माणूस होता, सभ्य, कमी बोलणारा. त्याने इंजिन बघितलं, आत चढून आकडे मोजले, कापलेल्या खिडक्या बघून जरा नाराज झाला. मग म्हणाला, कागद दाखवा. मी पुस्तक आणून दिलं. आई दारात उभी होती.

त्याने पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “हां. मीट व्हॅन लिखा है. ठीक है.”

त्याला ते सापडायला एक क्षण लागला. मामा खाली बघू लागला. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण मीट म्हणजे काय ते कळत होतं, आणि ते बोट तिला दिसत होतं. ती पुस्तकाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला वाटलं, ती माझ्या थोबाडीत मारील. मारली असती तर बरं झालं असतं.

तिने पदराने उंबऱ्याच्या फळीवरची हळद पुसली.

“बरा झाला,” ती म्हणाली, “ह्या ऐकूक ते नाय.”